दर आधी, प्रकल्प मागाहून : सामाजिक वटाव दर कसा ठरवायचा

सिंचन प्रकल्पाच्या डीपीआरमध्ये (सविस्तर प्रकल्प अहवालात) शेवटाकडे 'आर्थिक विश्लेषण' नावाचं एक प्रकरण असतं. जलविज्ञान झालेलं असतं, सांडव्याचं संकल्पन झालेलं असतं, बुडीत क्षेत्राची गावं मोजून झालेली असतात. मग अहवाल सादर करायला आठवडा उरला की हे प्रकरण ऑफिसातल्या सगळ्यात नवख्या माणसाकडे येतं. एक्सेलच्या एका चौकटीत टक्केवारी टाकायची असते. ती कुठून आणायची असं विचारलं की उत्तर येतं, 'मागच्या अहवालात काय होतं बघ.'

त्या चौकटीतल्या आकड्यासाठी हा लेख आहे. पूल, मेट्रो, पाणीपुरवठा, कशाचंही मूल्यमापन करत असाल तरी रीत हीच. उदाहरणं मात्र मी पाटबंधाऱ्यांची घेतो, कारण मला ती जवळची आहेत.

पहिलं : आकडा नक्की काय करतो ते हातानं करून पाहा

हुंडी वटवणं आपल्याला नवं नाही. तीन महिन्यांनी मिळायचे शंभर रुपये आज हवे असतील तर सावकार काही कापून घेऊन बाकीचे हातावर ठेवतो. ही कापून घेतलेली रक्कम म्हणजे वटाव. सामाजिक वटाव दरात सावकाराच्या जागी समाज बसतो. पुढच्या वर्षी मिळणारा लाभ आज किती मोलाचा मानायचा, हे समाजाच्या वतीनं ठरवायचं.

पन्नास वर्षांनी मिळणारे एक लाख रुपये घ्या आणि कॅल्क्युलेटरवर आजचं मोल काढा. १२ टक्क्यांनी ते ३४६ रुपये होतं. ८ टक्क्यांनी २,१३२, ६ टक्क्यांनी ५,४२९ आणि ३.५ टक्क्यांनी १७,९०५. नातवंडांच्या वाट्याचा लाख रुपयांचा लाभ १२ टक्क्यांच्या हिशोबात आज हॉटेलातल्या एका जेवणाइतका उरतो. हे एकदा स्वतः करून पाहिलं की तो आकडा डोळे मिटून उचलायची सवय सुटते.

दुसरं : अहवाल कोणाच्या टेबलावर जाणार ते विचारा

पुष्कळदा दर तुम्ही निवडायचा नसतोच, मंजुरी देणाऱ्यानं तो आधीच ठरवलेला असतो. सिंचनाचं पाहा. इंग्रजी अमदानीत कालव्यांना वित्तीय उत्पादकतेची कसोटी लावत : पाणीपट्टीतून भांडवलावरचं व्याज निघतं का? अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी केली, तिचा अहवाल १९४८ मध्ये निघाला. सरकारी तिजोरीत किती आलं एवढ्यावर न थांबता त्या भागात एकूण काय पिकलं, कोणाला काम मिळालं, हे त्यात मोजलं होतं. पुढे १९६४ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीनं वित्तीय परताव्याऐवजी लाभ-व्यय गुणोत्तर (लाभ भागिले खर्च) वापरावं आणि ते किमान १.५ असावं अशी शिफारस केली. १९८३ मध्ये नितीन देसाई समितीनं अंतर्गत परतावा दराची, म्हणजे आयआरआरची (ज्या दरानं लाभाचं आजचं मोल बरोबर खर्चाइतकं होतं तो दर), कसोटी सुचवली : सर्वसाधारण प्रकल्पांना ९ टक्के, अवर्षणप्रवण भागात ७ टक्के. अवर्षणप्रवण भागासाठी गुणोत्तराची अटही १.० पर्यंत खाली येते.

बाकीच्यांचे आकडे याहून वेगळे आहेत. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो रेल धोरणात आर्थिक परतावा दर किमान १४ टक्के लागतो. महामार्गांच्या मूल्यमापनात १२ टक्के रूढ आहे. आशियाई विकास बँकेची अट बरीच वर्षं १२ टक्के होती. आता ती ९ आहे आणि सामाजिक क्षेत्रातल्या, गरिबीवर रोख असलेल्या किंवा पर्यावरणाच्या काही प्रकल्पांना ६. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या मार्गदर्शिकेत ३.५ टक्के आहे. अमेरिकेत १९९२ पासून ७ टक्के चालत आले, २००३ मध्ये त्याच्या जोडीला ३ टक्के आले.

एकाच देशातलं एकच सरकार धरणाला ९ आणि मेट्रोला १४ लावतं, याचं नवख्याला नवल वाटतं. वाटायलाच हवं. रुपया त्याच तिजोरीतला असेल तर दरही एकच असायला हवा, असं माझं मत आहे. पण तुमच्या मताखातर फाईल पुढे सरकत नाही. विहित दर असेल तर मुख्य हिशोब त्यानंच करा. खालच्या पायऱ्यांतून आलेला तुमचा दर संवेदनशीलता विश्लेषणात (आकडे बदलले तर निकाल किती हलतो हे दाखवणाऱ्या भागात) त्याच्या शेजारी मांडा. दर विहित नसेल तर खालच्या पायऱ्या हाच तुमचा मुख्य हिशोब.

तिसरं : महागाई आत की बाहेर

ही पायरी छोटी आहे, पण सगळ्यात जास्त अहवाल इथेच आपटतात. माझा पहिला अहवालही इथेच आपटला होता. डीपीआरमधला खर्च चालू वर्षाच्या दरसूचीनं काढलेला असतो. लाभही आजच्याच बाजारभावानं धरतात, म्हणजे पन्नासाव्या वर्षीची ज्वारीसुद्धा आजच्या भावानं. रकमांत महागाई नाही, तेव्हा दरातही ती असता कामा नये. मी मात्र दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा व्याजदर पेपरात पाहून तसाच चिकटवला होता. वरिष्ठांनी पेन्सिलीनं गोल करून एवढंच लिहिलं : 'महागाई एकदाच.'

रूपांतर सोपं आहे. समजा रोख्यावर ७ टक्के मिळतात आणि महागाई ४ टक्के धरली (रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य तेवढंच आहे), तर १.०७ भागिले १.०४ वजा १, म्हणजे खरा दर २.९ टक्के. ७ आणि २.९ यांत किती अंतर आहे हे पहिल्या पायरीत आपण पाहिलंच.

चौथं : कर्जाचं व्याज म्हणजे वटाव दर नव्हे

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपाननं येनमध्ये दिलेलं कर्ज ०.१ टक्के व्याजाचं, पन्नास वर्षांच्या मुदतीचं, पहिली पंधरा वर्षं सवलतीची. मग त्या प्रकल्पाचे लाभ ०.१ टक्क्यानं वटवायचे का? मुळीच नाही. कर्ज स्वस्त आहे ही वित्तपुरवठ्याची बाब झाली (येन महागला तर तीही तितकी स्वस्त राहत नाही). जमीन, सिमेंट, अभियंते आणि मजूर या प्रकल्पात गुंतले की दुसरीकडे मिळत नाहीत, आणि ही किंमत व्याजाचा दर पाहून कमी होत नाही. उलटही खरं. एखाद्या महामंडळानं महागडे रोखे काढले म्हणून त्याच्या कालव्याचं पाणी समाजाला कमी मोलाचं होत नाही. वित्तीय विश्लेषणात, म्हणजे प्रकल्प चालवणाऱ्याच्या जमाखर्चात, कर्जाचा दर घ्या. आर्थिक विश्लेषणात, म्हणजे समाजाच्या हिशोबात, तो घेऊ नका. दोन्हींसाठी दोन वेगळ्या शीट ठेवल्या तर घोटाळा होत नाही.

पाचवं : स्वतःचा दर बांधा

इथे थोडा वेळ काढून बसा. दर काढायच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट विचारते, हाच पैसा खासगी उद्योगात गेला असता तर किती परतावा मिळाला असता? यातून दर वर जातो. १०-१२ टक्क्यांच्या जुन्या आकड्यांना बहुतेक वेळा हाच आधार दिला जातो. दुसरी वाट विचारते, लोक आजचा उपभोग पुढे ढकलायला तयार असतील तर बदल्यात त्यांना किती जास्त मिळायला हवं? यातून दर खाली येतो. सरकारनं उचललेला प्रत्येक रुपया खासगी गुंतवणुकीतूनच येतो असं मानलं तर पहिली वाट बरोबर. तो लोकांच्या खर्चातून, करांतून येतो असं मानलं तर दुसरी. खरं तर तो दोन्हीकडून येतो. म्हणून मी दर दुसऱ्या वाटेनं बांधतो, आणि जी रक्कम खासगी गुंतवणुकीला बाजूला सारून आली असेल तिच्यावर खर्चाच्या बाजूला जादा भार धरतो. जमेल तिथे हेच करा.

दुसऱ्या वाटेचं सूत्र फ्रँक रॅमसे या तरुण गणितज्ञाच्या १९२८ च्या निबंधातून आलेलं आहे. दर म्हणजे अधीरता अधिक (झुकाव गुणिले वाढ). यातले तीन आकडे तुम्ही ठरवायचे.

अधीरता म्हणजे 'उद्या' हा केवळ उद्या आहे म्हणून तो किती कमी लेखायचा. उद्या आपण असू की नसू ही शंकाही यातच येते. पुढच्या पिढीचं सुख निव्वळ ती पुढची आहे म्हणून कमी मोजणं रॅमसेला नैतिकदृष्ट्या पटत नव्हतं, मलाही पटत नाही. म्हणून मी हा आकडा अर्धा ते दीड टक्क्यांत ठेवतो आणि मध्यावर १ घेतो.

वाढ म्हणजे दरडोई उपभोगाची, महागाई वगळून, दीर्घकाळाची वाढ. मागच्या दोन वर्षांचा वाढदर उचलू नका. वीस-तीस वर्षांचा कल पाहा आणि हात आखडताच ठेवा. इथे ४ धरू.

झुकाव म्हणजे माणूस सधन होत जाईल तसं जादा रुपयाचं मोल किती झपाट्यानं घटतं. हा सगळ्यात कठीण, पण घरगुती उदाहरणानं तो समजतो. एका घरात महिना दहा हजार येतात, दुसऱ्यात चाळीस हजार. जादा एक हजार पहिल्या घराला दुसऱ्याच्या किती पट मोलाचे? चार पट म्हणालात तर तुमचा झुकाव १, आठ पट म्हणालात तर १.५, सोळा पट म्हणालात तर २ (उत्पन्नाची पट चार, झुकाव हा तिचा घात). पुढची पिढी आपल्यापेक्षा सधन असणार असं धरलं, तर आपण दहा हजारवाले आणि ती चाळीस हजारवाली. म्हणून तिच्या रुपयाचं मोल कमी. ऑफिसात चहाच्या वेळी चौघांना हा प्रश्न विचारून पाहा. उत्तरं इतकी वेगवेगळी येतात की दर हा फक्त तंत्राचा मामला नाही हे लगेच कळतं.

१ अधिक (१.५ गुणिले ४), म्हणजे ७ टक्के. ब्रिटनचे ३.५ सुद्धा असेच निघालेत : अधीरता १.५, झुकाव १, वाढ २. त्यांचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा का आणू नये, याचं उत्तर याच मांडणीत आहे. आपली वाढ त्यांच्यापेक्षा जलद धरली आहे. हवामानबदलावरच्या २००६ च्या अहवालात ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी अधीरता ०.१, झुकाव १ आणि वाढ १.३ धरून १.४ टक्के काढले, आणि त्यावर अर्थतज्ज्ञांत मोठा वाद झाला. भांडण सूत्रापेक्षा आत घातलेल्या आकड्यांवर जास्त होतं.

टोकंही काढून ठेवा. अधीरता ०.५, झुकाव १, वाढ ३ घेतली तर ३.५ टक्के. १.५, २ आणि ५ घेतले तर ११.५. एवढा पसारा पाहून घाबरू नका. सगळी टोकं एकाच दिशेनं झुकणं क्वचितच पटण्याजोगं असतं. मी ५ ते ९ हा पट्टा अहवालात देतो.

सहावं : आता, आणि आताच, प्रकल्प उघडा

इथवर प्रकल्पाच्या लाभाचे आकडे मी मुद्दामच पुढे आणले नाहीत. दर ठरवून त्याची टीप तारखेसह ऑफिसात ईमेल करा आणि मगच लाभाची शीट उघडा. एकदा लाभ पाहिले की 'आठ धरलं तर बसतंय' हे डोक्यात घुसतं, आणि मग आठ टक्क्यांच्या समर्थनार्थ कोणता ना कोणता संदर्भ सापडतोच.

एक काल्पनिक धरण घेऊ. खर्च १०० कोटी, सोयीसाठी सगळा आजच. पाचव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत देखभाल वजा जाता दरवर्षी १२ कोटींचा लाभ. लाभाचं वर्तमान मूल्य १२ टक्क्यांनी ६३ कोटी येतं, १० टक्क्यांनी ८१, ९ नी ९३, ८ नी १०७, ७ नी १२५ आणि ६ नी १४८. आयआरआर साडेआठच्या किंचित खाली. म्हणजे हेच धरण सर्वसाधारण तालुक्यात ९ च्या कसोटीला नापास आणि अवर्षणप्रवण तालुक्यात ७ च्या कसोटीला पास. नकाशावर तालुक्याची हद्द कुठून जाते, त्यावर शंभर कोटींचा निकाल.

आपल्याकडची रूढ लाभ-व्यय पद्धतही लावून पाहा. तिच्यात वार्षिक खर्च म्हणजे भांडवलावर १० टक्के व्याज, धरणाचं आयुष्य शंभर वर्षं धरून १ टक्का घसारा, शिवाय देखभाल. इथे लाभ देखभाल वजा करूनच घेतलाय, तेव्हा ढोबळमानानं १२ भागिले ११, म्हणजे १.१ च्या जवळपास. पुन्हा तेच, १.५ ला नापास, १.० ला पास. पण या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. एका नमुना वर्षाचा लाभ एका नमुना वर्षाच्या खर्चानं भागल्यावर लाभ पाचव्या वर्षी सुरू झाला की विसाव्या, हे तिला दिसतच नाही.

आणि दिसायला तर हवंच. समजा पुनर्वसन रखडलं, कालव्यासाठी भूसंपादन रखडलं, आणि त्याच धरणाचं पाणी पाच वर्षं उशिरा आलं. लाभाची वर्षं तेवढीच, रक्कम तेवढीच. ८ टक्क्यांनी १०७ कोटींचे ७३ होतात. खर्च एका पैशानंही न वाढता. प्रत्यक्षात तो वाढतोच. 'सुप्रमा' (वाढलेल्या खर्चाला दिलेली सुधारित प्रशासकीय मान्यता) हा शब्द कानावरून न गेलेला अभियंता महाराष्ट्रात सापडणार नाही. विदर्भातला गोसीखुर्द १९८३ मध्ये ३७२ कोटींचा होता, आज त्याचा हिशोब हजारो कोटींत करतात. म्हणून दर ६ की ८ यावर तीन बैठका घेण्यापेक्षा 'उशीर पाच वर्षं' आणि 'उशीर दहा वर्षं' अशा दोन ओळी शीटमध्ये घाला. बहुतेक प्रकल्पांत त्या दराहून जास्त बोलतात.

सातवं : दरात न घालायच्या गोष्टी

जोखीम दरात घालू नका. 'या खोऱ्यात पाऊस बेभरवशाचा, म्हणून दोन टक्के वाढवले' असं मी वाचलं आहे. दर वाढवल्यानं चाळीसाव्या वर्षाला जबर फटका बसतो आणि पाचव्या वर्षाला जेमतेम. पाऊस काय तसा वागतो का? ५० टक्के, ७५ टक्के विश्वासार्हतेचा (शंभरपैकी तेवढ्या वर्षांत मिळेलच असा) पाणीसाठा घेऊन लाभच त्यानुसार मोजा.

गरिबी आणि दुष्काळही दरात घालू नका. हे लिहिताना मला ७ टक्क्यांच्या सवलतीवर बोलावं लागतं. तिच्यामागची कणव खरी आहे, पण ती चुकीच्या चौकटीत जाऊन बसली आहे. वरच्याच धरणाशेजारी, त्याच अवर्षणप्रवण तालुक्यात, १०० कोटींची एक जलसंधारण योजना ठेवा : बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलावांची दुरुस्ती. लाभ दुसऱ्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत दरसाल १४ कोटी. ९ टक्क्यांनी तिचं मूल्य १०४ कोटी येतं आणि धरणाचं ९३. योजना पुढे. ७ टक्क्यांनी तिचं ११९, धरणाचं १२५. धरण पुढे. दर उतरवल्यानं दुष्काळी माणसाला झुकतं माप मिळालं नाही, ते दीर्घायुषी बांधकामाला मिळालं. ज्याच्या विहिरीला दुसऱ्याच वर्षी पाणी आलं असतं तो मागे राहिला. (सोळा वर्षांनी योजना पुन्हा राबवता येते, हे मी धरलेलंच नाही.)

गरिबाच्या रुपयाला जास्त मोल द्यायचं असेल तर ते लाभाच्या रकान्यात द्या. झुकावाचा आकडा पाचव्या पायरीत हाती आलाच आहे, कोरडवाहू घराच्या लाभाला तोच भार लावता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी पार्थ दासगुप्ता, स्टीफन मार्ग्लिन आणि अमर्त्य सेन यांनी १९७२ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेत वाटपाचा प्रश्न असाच भारांकानं हाताळला आहे. आपल्या अहवालांत तो रकाना मला क्वचितच दिसतो.

आठवं : पन्नास वर्षांच्या पुढे

बहुतेक प्रकल्पांना ही पायरी लागत नाही. जंगल, खारफुटी, समुद्राची भिंत, अणुकचरा असलं काही असेल तरच थांबा. पुढच्या शतकात दर २ असेल की ८ हे ठाऊक नसेल तर सरासरी ५ घेणं चूक आहे. सरासरी काढायची ती मोलाची. शंभर वर्षांनंतरच्या रुपयाचं आजचं मोल २ टक्क्यांनी जवळजवळ १४ पैसे, ८ टक्क्यांनी पैशाचा विसावा भागही नाही. दोहोंची सरासरी सुमारे ७ पैसे, आणि ७ पैसे देणारा दर २.७ टक्के. काळ जसा लांबतो तसा चढा दर या गणितातून स्वतःच बाद होत जातो. अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी हा मुद्दा ठसवला. ब्रिटनमध्ये ३.५ चा दर तीस वर्षांनंतर ३ वर येतो आणि तीनशे वर्षांपलीकडे १ पर्यंत उतरतो.

शेवटचं : अहवालात लिहायचा परिच्छेद

टक्केवारी एकटी सोडू नका, तिच्यासोबत असा मजकूर द्या :

'या विश्लेषणातील सर्व रकमा चालू वर्षाच्या स्थिर किमतींत आहेत. वटाव दर ७ टक्के, महागाई वगळून (अधीरता १, उपभोगाची वाढ ४, झुकाव १.५). लाभांची गणना करण्यापूर्वी दर निश्चित केला आहे. मंजुरी प्राधिकरणाच्या विहित दरानुसार काढलेले निष्कर्ष स्वतंत्र तक्त्यात दिले आहेत. ५ आणि ९ टक्के दरांनी, तसेच लाभ पाच व दहा वर्षे उशिरा सुरू झाल्यास येणारे निष्कर्ष सोबत जोडले आहेत. प्रकल्प अमुक टक्क्यांच्या वर अव्यवहार्य ठरतो.'

शेवटच्या वाक्यातल्या 'अमुक'च्या जागी आयआरआर येईल. छाननीच्या बैठकीत ते वाक्य काढून टाकायला सांगतील. मी दोन वेळा काढलं आहे. तिसऱ्या वेळी परिशिष्टात ठेवलं आणि मजकुरात त्याचा पानक्रमांक दिला, तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.